जांभळं

दिवसभर मी टोल्युडीन ब्लूच्या बाटलीशेजारी बसते,
अमळनेरात, स्टँडमागच्या लॅबमध्ये, पहिल्या मजल्यावर.
खाली भजी तळतात. वर काचपट्टीवर
कुणा अनोळखी माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा,
केसाहून पातळ.
निळ्यात बुडवला की सगळं निळं होतं,
फक्त मास्ट पेशी हट्टानं जांभळ्या.
कॉलेजात आम्ही त्यांना मस्तवाल म्हणायचो.
रक्तवाहिनीच्या कडेला एकेकटी बसलेली,
अंगात दाणे, बाजरीच्या कणसासारखे गच्च.

रात्री दीडला हर्षाली धाब्यावर उठून बसली.
बोलली नाही. दोन्ही हात गोधडीवर रोवून,
खांदे कानांपर्यंत.
वीज संध्याकाळपासून नव्हती,
नेब्युलायझर खाली खोक्यात.
पाण्याच्या बाटलीच्या बुडाला मी कात्रीनं भोक पाडलं,
पंप खोचला.
ओढ. धर. दहापर्यंत मोज.
ती चारलाच सोडायची.
शेजारच्या धाब्यावरून केसरबाई,
"पोरले धाप लागनी का वं?"
हो म्हणायलाही मला तोंड उघडेना.

चार.
त्या निरोप्यांनाही नंबरच आहेत,
बारसं करायला कुणाला सवड नव्हती.
इंटरल्युकिन चार, तेरा, तेहेतीस.

चेंडू शोधायला ती बोरीच्या पात्रात उतरली होती,
गाजर गवत तिच्या कमरेला लागतं तिथे.
पराग आत गेला, श्वासनळीचं अस्तर खरचटलं,
आणि फाटलेल्या अस्तरातून तेहेतीस निघाला.
त्यानं काही पाहिलेलं नसतं.
घर फुटलं, घर फुटलं, एवढंच तो सांगत सुटतो.
चारचं काम जुनं, दोन पावसाळ्यांआधीचं:
त्याच्या सांगण्यावरून घडलेले आयजीईचे आकडे
जांभळीनं अंगभर टोचून घेतले होते,
नेमके याच गवताच्या मापाचे.
पराग अडकला. दोन आकडे एकदम ओढले गेले.
मग तिनं मागचापुढचा विचार केला नाही,
सगळी कोठी उलटी केली,
हिस्टामीन, आणि काय काय,
नळीभोवतीचा स्नायू ओल्या लुगड्यासारखा पिळला,
तेरानं चिकट पाणी सोडलं,
आणि जाता जाता तिनंही आणखी निरोपे धाडले, तेच नंबर.

हे सगळं मला पाठ आहे.
परीक्षेत त्याचे आठपैकी सात मिळाले होते.
पण पोटच्या पोरीच्या छातीत बघायला
माझ्याकडे काचपट्टी नव्हती,
पाठीवर तळवा होता, आणि तळव्याखाली ती शिट्टी.

साडेतीनला शिट्टी बारीक झाली.
केसरबाईनं कठड्यावरून कोमट पाण्याचा तांब्या दिला.
"आते कसं वाटस, माय?"
हर्षालीनं मान हलवली. मग मला विचारलं,
त्या जांभळ्या वाईट असतात का गं?

नाही, म्हटलं.
जंत झाले तर त्याच धावतात.
विंचवाचं विषही मोडतात म्हणे, उंदरांत तरी मोडलंय.
त्यांना जे सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं.

एवढं बोलून मी थांबले.
पाच वर्षांमागे धुळ्याहून एक फोन आला होता,
तुझी नणंद असं असं म्हणाली.
मी विचारलं नाही कुणी ऐकलं, कधी.
पोळ्याचा दिवस होता, ताटं वाढलेली,
भरल्या घरात मी तोंडानं सगळं उलटं केलं.
शशिकलाताई चप्पल घालतानाही काही बोलल्या नाहीत.
त्यानंतर त्या आल्या नाहीत.

रिकामी झाल्यावर ती मरून जाते ना?
हर्षाली अजून तिथेच होती.
नाही, तिथेच बसून राहते.
दोन-तीन दिवसांत पुन्हा दाणे भरायला घेते.
कशाला?
मला सांगता आलं नाही.

सकाळी तिनं वहीच्या मागच्या पानावर
एक गोल काढला, आत ठिपके,
जांभळा स्केचपेन वाळलेला, म्हणून थुंकी लावून.
शेजारी तीन काड्यांची माणसं, पोटावर नंबर लिहिलेली.
त्यातल्या एकाला तिनं तोंडच काढलेलं नाही.

मी डबा भरला. लॅबला निघाले.
नगरपालिकेच्या गेटपाशी पोचेपर्यंत
शशिकलाताईंचा नंबर दोनदा काढला,
दोनदा फोन पर्समध्ये टाकला.
कुंपणाला लागून गाजर गवत फुललं होतं,
पांढरं, बारीक, कुणाच्या गावीही नसल्यासारखं.